बायबलमधल्या मरणाच्या आणि जगण्याच्या गोष्टी: तुम्हाला धीर कशातून मिळाला?

मांडवीकाठी
नमस्कार मंडळी, बरेच महिने फक्त वाचायला येत होते, आज पहिल्यांदाच एवढं लिहितेय, सांभाळून घ्या.

गेल्या पावसात माझा धाकटा भाऊ गेला. ३४ वर्षांचा. रात्री जेवून झोपला तो सकाळी उठलाच नाही. मी लग्नानंतर रायबंदरला असते, तो आईबरोबर फोंड्याच्या घरी. आदल्या रात्री त्याचा फोन आला होता, छातीत जळजळतंय म्हणाला, अ‍ॅसिडिटी असेल. मीही म्हटलं सोडा घे आणि पड जरा. माझ्या त्या वाक्याचं आता काय करायचं ते मला आजही कळत नाही.

चौथ्या दिवशी शेजारची आंटी आली. आम्ही हिंदू, त्यात सुतक, म्हणून ती दारातच थांबली होती, एका हातात केळ्यांची फणी, दुसऱ्या हातात चहाचा फ्लास्क. आईने हाताला धरून आत आणलं. ती जमिनीवर माझ्या बाजूला बसली, तासभर काही बोलली नाही. मग माझ्याच तोंडून निघालं, मी इथे असते तर तो गेला नसता. त्यावर तिने मला लाजाराची गोष्ट सांगितली, कोंकणीत, अगदी शेजारच्या वाड्यावर घडल्यासारखी. दोन बहिणी, एक भाऊ. भाऊ आजारी पडतो, बहिणी येशूला निरोप पाठवतात, तो येईपर्यंत भावाला थडग्यात ठेवून चार दिवस झालेले. आणि मोठी बहीण मार्था त्याला वाटेतच गाठून म्हणते, "तूं हांगा आशिल्लो जाल्यार म्हजो भाव मरचो नाशिल्लो."

मी चमकले. चार दिवस. आणि तेच वाक्य, फक्त मी ते स्वतःला म्हणत होते, तिने देवाला म्हटलं. मी विचारलं मग त्याने काय उत्तर दिलं? आंटी म्हणाली उत्तर मागीर, म्हणजे नंतर, पयलीं जेजू रडलो.

त्या दिवशी मी पहिल्यांदा पोटातून रडले. आता वर्षश्राद्ध जवळ आलंय आणि ही गोष्ट डोक्यातून जात नाही. पण प्रश्न असा की लाजार परत आला. माझा भाऊ येणार नाही. आणि लाजारसुद्धा पुढे कधीतरी मेलाच असेल ना. मग या गोष्टींतून माणसं आशा घेतात ती नेमकी कुठून? तुम्ही श्रद्धाळू असा नसा, बायबलमधली अशी एखादी गोष्ट तुमच्या कामी आली असेल तर सांगा प्लीज.

अबोली
लिहायला शब्द नाहीत गं. त्या सोड्याच्या वाक्याचा भार घेऊ नकोस, आपल्यापैकी कुणीही तेच सांगितलं असतं. वाचतेय.

वास्कोचा_वारा
ताई, आधी तुमच्या भावाला श्रद्धांजली.

आम्ही मराठी ख्रिस्ती, आजोबा नगरकडचे, बंदरात नोकरी लागली म्हणून वास्कोला आले ते इथलेच झाले. घरात बायबल मराठीच, त्यामुळे योहानाच्या शुभवर्तमानाचा ११वा अध्याय, म्हणजे ही लाजाराची गोष्ट, लहानपणापासून कानावर आहे. तुम्हाला जे वाक्य लागलं ते त्या अध्यायात दोनदा येतं बघा. आधी मार्था म्हणते, मग धाकटी मरिया त्याच्या पायांशी पडून अक्षरशः तेच म्हणते. दोघी बहिणी ते चार दिवस घरात एकमेकींना हेच म्हणत बसल्या असणार. आणि एकाच वाक्याला त्याने दोघींना दोन वेगळी उत्तरं दिली. मार्था बोलणारी, तिच्याशी तो बोलला, "मी पुनरुत्थान आणि जीवन आहे" हे तिला सांगितलं. मरिया नुसती रडत होती, तिला त्याने एका शब्दाने काही समजावलं नाही, तिच्याबरोबर रडला.

अजून एक. रडण्याच्या आधी तिथे एक ग्रीक क्रियापद आहे त्यात रागाची छटा आहे, घोडा फुरफुरतो तसा. म्हणजे मरण बघून तो नुसता हळवा झालेला नाही, चिडलाय. मला हे फार मोठं वाटतं. वडील गेले तेव्हा चार जण मला समजवायला आले की देवाची इच्छा, आणि मला आतून चीड येत होती आणि त्या चिडीची लाज वाटत होती. हा अध्याय परत वाचला आणि लाज गेली.

सडेतोड
धागाकर्तीच्या दुःखाबद्दल मनापासून आदर ठेवून लिहितो, कुणी वाईट वाटून घेऊ नये.

मला या गोष्टींचा त्रास होतो. नाईन गावच्या विधवेचा एकुलता एक मुलगा, लूकच्या ७व्या अध्यायात आहे, तिरडी वेशीबाहेर निघालेली असताना येशू समोरून येतो आणि मुलगा उठून बसतो. छान. पण त्याच आठवड्यात शेजारच्या गावात दुसऱ्या कुणा विधवेचा मुलगा गेला असेल तर? ती रस्ता चुकली म्हणून तिला काहीच नाही? एकाचा मुलगा उठतो आणि हजारांचे जळतात पुरतात, यात आशा कसली, ही तर लॉटरी झाली.

दुसरं म्हणजे हे वाचून लोक काय करतात ते मी घरात पाहिलंय. माझ्या काकांना शुगर होती, कुठल्याशा प्रार्थनासभेत त्यांना सांगितलं की विश्वास असेल तर इंजेक्शनं कशाला. त्यांनी बंद केली. पाय गेला, मग काका गेले. मेलेली माणसं उठतात हे ज्यांना रोज ऐकवलं जातं त्यांना डॉक्टर लहान वाटायला लागतो. आणि ताई तुम्ही हिंदू, तुम्हाला तरी आपल्यातलं सोडून हे का जवळचं वाटावं हाही प्रश्न पडलाच.

रात्रपाळी
सडेतोड बाब, औषध बंद करायला सांगणारा कुठल्याही धर्माचा असो, माझ्यापुरता तो गुन्हेगार. मी आयसीयूत नर्स आहे, १९ वर्षं झाली, अशा केसेस आमच्याकडे शेवटी येतात आणि तेव्हा हातात काही उरलेलं नसतं. काकांबद्दल वाईट वाटलं.

पण मला आयसीयूतच एक गोष्ट कळली ती सांगते. याईराची मुलगी. मार्कचा ५वा अध्याय. याईर हा मोठा माणूस, सभास्थानाचा अधिकारी, तो येऊन पाया पडतो की माझी लेक मरायला टेकलीय चल. येशू निघतो. आणि वाटेत गर्दीत एक बाई त्याच्या वस्त्राला हात लावते, तिला १२ वर्षं रक्तस्राव, सगळे पैसे वैद्यांवर संपलेले. येशू तिथेच थांबतो, मला हात कुणी लावला विचारत बसतो, तिचं सगळं ऐकून घेतो. आता त्या बापाचा विचार करा. त्याची पोर तिकडे शेवटच्या घटका मोजतेय आणि हा इथे दुसऱ्या पेशंटशी बोलतोय. कॅज्युअल्टीच्या बाहेर मी हा बाप रोज बघते, रोज. आणि तेवढ्यात घरून माणूस येतो, मुलगी गेली, आता गुरुजींना त्रास कशाला.

पुढे घरी गेल्यावर तो काय करतो, रडणारी ओरडणारी सगळी गर्दी बाहेर काढतो. आत फक्त आईबाप आणि आपले तिघे शिष्य. आमच्या वॉर्डचा नियमच हा. मग मुलीचा हात धरून म्हणतो "तलीथा कूम", मुली ऊठ. ती उठते, ती १२ वर्षांची होती असं मार्क मुद्दाम सांगतो, म्हणजे त्या बाईचं दुखणं आणि ही पोर एकाच वर्षी सुरू झालेली. आणि मग शेवटचं वाक्य, ज्याच्यासाठी मी हे सगळं टाइप केलं. तो म्हणतो, हिला काहीतरी खायला द्या.

एवढा मोठा चमत्कार झालाय, सगळे थक्क होऊन उभे आहेत, आणि पोरीला भूक लागली असेल हे फक्त त्याच्या लक्षात येतं.

दोन वर्षांमागे पहाटे साडेतीनला एक म्हातारे गेले. त्यांची बायको पेडण्याकडच्या खेड्यातली, बाकावर बसून होती. मुलगा कागदपत्रांच्या मागे धावत होता. मी पॅन्ट्रीतून चहा आणला, साखर जास्त घातली, दोन बिस्किटं बशीत ठेवली. तिने बिस्कीट चहात बुडवलं ते बुडवूनच ठेवलं, मऊ होऊन खाली पडलं. मी दुसरं बुडवून तिच्या तोंडाशी नेलं. तिने खाल्लं. मग म्हणाली, कालपासून कोणी विचारलं नव्हतं. माझी आशा असली तर एवढ्यातच आहे. मुलीला उठवणं माझ्या हातात नाही, खायला देणं आहे.

सोलकढी
ताई तुमचा हा प्रतिसाद वाचून कामावर बसून रडतेय. माझी आजी गेली तेव्हा एका सिस्टरने असाच चहा दिला होता. तिचं नाव विचारायचं राहून गेलं.

म्हापशेकर
सडेतोड, हिंदू असून हे जवळचं का याचं उत्तर गोव्यात द्यावं लागतं हेच नवल. आमच्या म्हापशाच्या मिलाग्र सायबिणीला, म्हणजे मेरीमातेला, लोक शिरगावच्या लईराई देवीची भैण मानतात, फेस्ताला हिंदू तेल घेऊन रांगेत असतात. वाटेवरच्या खुरसाला (क्रुसाला) हात जोडून बसस्टॉपवर जाणारे माझ्या शाळेतले अर्धे मास्तर हिंदू. आंटी केळी घेऊन आली आणि मार्थाची गोष्ट सांगून गेली, यात कुणी कुणाचं काही सोडलेलं नाही.

सडेतोड
मान्य. तो शब्द चुकला माझा. मांडवीकाठी, माफ करा.

मांडवीकाठी
अहो माफी कसली. काकांचं वाचून मलाच कसंतरी झालं. आणि तुमचा लॉटरीवाला प्रश्न माझाही आहे, मी तो एवढा स्पष्ट विचारला नव्हता इतकंच.

वास्कोचा_वारा
नाईनबद्दल थोडं. त्या बाईने काही मागितलेलंच नाही. विश्वास दाखवला नाही, नवस केला नाही, तिला तो कोण हे माहीतसुद्धा नसावं. लूक म्हणतो तिला बघून त्याला कळवळा आला. तिथला मूळ ग्रीक शब्द आतड्यांवरून आलाय, आपण आतडं तुटतं म्हणतो ना, हुबेहूब तेच. मग त्याने तिरडीला हात लावला. त्यांच्याकडे प्रेताचा विटाळ आपल्या सुतकापेक्षा कडक होता, हात लावायचाच नाही. खांदेकरी जागच्या जागी उभे राहिले. म्हणून "विश्वास कमी पडला म्हणून तुझं माणूस गेलं" असं सांगणाऱ्याने ही गोष्ट वाचलेलीच नाही हे नक्की. लूक स्वतः वैद्य होता असं मानतात, पौलाने कलस्सैकरांस पत्रात त्याला "प्रिय वैद्य" म्हटलंय, तेव्हा डॉक्टरला कमी लेखणं तर त्या पुस्तकात बसतच नाही.

बाकीच्या विधवांचं काय, त्याचं उत्तर माझ्याकडे एका वाक्याचं नाही. आम्ही मानतो की ही चार-दोन माणसं उठली ती खूण म्हणून. पहाट व्हायच्या आधी एखादा कोंबडा आरवतो तशी.

साळनदी
आमची मुलगी आठ वर्षांची असताना गेली. ब्लड कॅन्सर. सहा वर्षं झाली.

लाजार, याईर, नाईन, मला यातलं काहीच वाचवत नाही अजून. पुस्तक मिटून ठेवतो. मला दावीद राजा कळतो. दुसऱ्या शमुवेलाचा १२वा अध्याय. मूल आजारी, हा सात दिवस जमिनीवर पडून, अन्न नाही, चाकर उठवायला येतात तर उठत नाही. सातव्या दिवशी मूल जातं. चाकरांना सांगायची भीती वाटते, ते आपसात कुजबुजतात. आणि त्या कुजबुजीवरूनच त्याला कळतं. आमच्या वेळी डॉक्टर काचेच्या पलीकडे असेच हळू बोलायला लागले होते, मला कुणी काही सांगायच्या आधी कळलं.

मग दावीद उठतो, अंघोळ करतो, कपडे बदलतो, देवळात जातो आणि घरी येऊन जेवायला मागतो. लोकांना विचित्र वाटतं. तो म्हणतो, मूल होतं तोवर उपास केला. आता मी त्याला परत आणू शकतो का? मी त्याच्याकडे जाईन, तो माझ्याकडे येणार नाही.

मी त्याच्याकडे जाईन. माझी आशा एवढीच, तीन शब्दांची. रोज सकाळी दुकान उघडताना म्हणतो.

अबोली
🙏

कुळागर
साळनदी दादा, काय बोलणार. हात जोडतो.

मी ईयोबाबद्दल विचारणार होतो. ईयोबाचं सगळं जातं, दहा मुलं जातात, शेवटी देव त्याला सगळं दुप्पट देतो असं आमच्या शाळेत शिकवलेलं. मला तेव्हाच वाटायचं की मुलं काय गुरंढोरं आहेत, नवी दिली की झालं?

साळनदी
दुप्पट नाही ते. मोजून बघा. मेंढरं ७००० होती ती १४०००, उंट ३००० होते ते ६०००, बैलांच्या जोड्या आणि गाढवी ५००च्या १०००. मुलं मात्र आधी सात मुलगे तीन मुली, नंतरही सात मुलगे तीन मुली. दुप्पट केलेली नाहीत. एका पाद्रीने मला सांगितलं, कारण पहिली दहा हरवलेली नाहीत, ती देवाकडे आहेतच, मिळून वीस. आम्हाला नंतर मुलगा झाला. कुणी विचारलं की मुलं किती, तर मी दोन सांगतो.

कुळागर
दोनच सांगा दादा. दोनच.

रात्रपाळी
ईयोबाचे मित्र पुढे बडबड करून बिघडवतात पण सुरुवातीला सात दिवस सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले होते, हे लोक विसरतात. आंटीने तेच केलं बघा, तासभर.

साळनदी
दावीदाच्या गोष्टीत एक आहे जे मला गिळता येत नाही तेही सांगून टाकतो. तिथे मूल बापाच्या पापामुळे गेलं असं लिहिलंय. आमच्याकडेही एक नातेवाईक बोलून गेले की कुणाच्या तरी कर्माचं असणार.

वास्कोचा_वारा
साळनदी, त्या नातेवाइकाला योहानाचा ९वा अध्याय दाखवा. जन्मांध माणूस दिसतो, शिष्य विचारतात पाप कुणाचं, याचं की आईबापांचं? येशू म्हणतो याचंही नाही, आईबापांचंही नाही. तो सरळ नाकारतो.

शब्दवेडा
धागा वेगळ्या वाटेला नेतोय, रागावू नका, पण गोव्यात मराठीतून बायबलच्या गोष्टी चालल्यात आणि ख्रिस्तपुराणाचा उल्लेख कसा नाही! फादर थॉमस स्टीफन्स, इंग्लंडातला जेझुइट, १५७९ साली गोव्यात आला आणि इथेच साष्टीत आयुष्य काढलं. आदामापासून पुनरुत्थानापर्यंत सगळी कथा त्याने अकराएक हजार मराठी ओव्यांत रचली आणि १६१६ला राशोलच्या छापखान्यात छापली. "जैसी पुस्पांमाजी पुस्प मोगरी, कीं परिमळांमाजी कस्तुरी, तैसी भासांमाजी साजिरी मराठिया" हे त्यातलंच. म्हणजे ज्या लोकांच्या कानाला ज्ञानेश्वरीची लय होती त्यांना ईस्टरची गोष्ट ओवीत मिळाली. त्या काळच्या छापील प्रती आज हाती नाहीत, हस्तलिखितांतून टिकलं आणि १९०७ला मंगळुरात पुन्हा छापलं गेलं. चारशे वर्षांपूर्वी साष्टीतल्या एखाद्या आईने मूल गेल्यावर या ओव्या ऐकल्या असतील, हा विचार केला की मला शहारा येतो.

दिगंतर
शब्दवेडा, मग पंडिता रमाबाईंना विसरू नका. त्यांचं आयुष्य म्हणजे नुसती मरणांची रांग आहे. आईवडील दुष्काळात गेले, भाऊ १८८०ला, नवरा १८८२ला लग्नाला दोन वर्षं व्हायच्या आत, आणि शेवटी मुलगी मनोरमा १९२१ला. हिब्रू आणि ग्रीक शिकून त्या केडगावला साध्या बायकांना कळेल अशा मराठीत बायबल आणत होत्या आणि हे काम त्यांनी लेक गेल्यावरही सोडलं नाही. एप्रिल १९२२ला त्या गेल्या, पुस्तक १९२४ला बाहेर आलं. "येशू रडला" हे मराठीत लिहिणाऱ्या बाईने किती जणांसाठी रडून झालं होतं, विचार करा.

आणि मांडवीकाठी, तुमच्या मूळ प्रश्नावर माझं मत. मी वारकरी घरातला. तुकोबांची पहिली बायको आणि मुलगा दुष्काळात गेले. तेच तुकोबा पुढे म्हणतात "आपुलें मरण पाहिलें म्यां डोळां, तो जाला सोहळा अनुपम्य". बुद्धाकडे किसा गौतमी मेलेलं मूल घेऊन जाते, तो म्हणतो ज्या घरात कुणी मेलं नाही तिथून मोहऱ्या आण. मला वाटतं सगळीकडे सांगणं एकच आहे, की मरणाशी भांडण सुटलं की जगणं सुरू होतं. लाजाराचं उठणं हेही तसंच आतलं उठणं समजावं.

वास्कोचा_वारा
दिगंतर, तुकोबा मलाही प्रिय आहेत, पण इथे मी थांबवणार तुम्हाला. सगळं एकच नाही. बुद्ध गौतमीला सांगतो की मरण सगळ्या घरांत आहे, ते स्वीकार. फार खरं आहे ते. पण लाजाराच्या थडग्यापाशी येशू स्वीकार म्हणत नाही, धोंड काढा म्हणतो. मार्था व्यवहारी बाई, ती म्हणते आता दुर्गंधी येत असेल. म्हणजे गोष्ट सांगणारा स्वतःच सांगतोय की हे आतलं-बितलं नाही, खरंखुरं प्रेत आहे. आणि पौल तर करिंथकरांना उघड लिहितो, ख्रिस्त उठला नसेल तर आमचं सांगणंही व्यर्थ आणि तुमचा विश्वासही व्यर्थ. मी आईला थडग्यात ठेवताना रूपक म्हणून ठेवलं नाही. ती उठणार असं मानून ठेवलं. तुम्हाला पटायलाच हवं असं नाही, पण आम्ही काय मानतो ते तेवढ्याच वजनाने ऐका.

दिगंतर
बरोबर आहे. सौम्य करून सांगण्यात मी तुमची गोष्टच बदलत होतो. ऐकतोय.

कुळागर
मी शेतकरी माणूस, सत्तरी तालुक्यात आमचं कुळागर, म्हणजे सुपारीची बाग, आणि थोडी शेती आहे. मला एवढं शास्त्र कळत नाही पण योहानाच्या १२व्यात आहे ना, गव्हाचा दाणा जमिनीत पडून मेला नाही तर एकटाच राहतो, मेला तर पुष्कळ पीक देतो. ते मला लगेच कळलं. भाताला मोड आणायला आम्ही बी भिजवून गोणपाटात दाबून ठेवतो, तिसऱ्या दिवशी गोणपाट उघडलं की आतून वाफ येते, हाताला गरम लागतं आणि प्रत्येक दाण्यातून पांढरं टोक आलेलं. बाबा गेले त्या जूनमध्ये मी एकट्याने पहिल्यांदा ते गोणपाट उघडलं. तिसरा दिवस होता हे मला आज हे सगळं वाचताना लक्षात आलं. ऑगस्टात राय आणि ताळगावला ख्रिश्चन लोक कणसांचं फेस्त करतात, आपण चवथीत नवं करतो, दोघेही त्याच कणसाला हात जोडतो.

तांबडीमाती
छान लिहिलंत, पण बी मरत नाही हो. मी शेतकी शिकलेय. बी सुप्त असतं, आत जीव असतोच, ओल आणि ऊब मिळाली की जागं होतं. मेलेलं बी कुजतं, उगवत नाही.

कुळागर
अगदी बरोबर. पण पेरताना ते दिसतं मेल्यासारखंच ना? आणि ज्या दाण्यातून रोप आलं तो दाणा परत सापडत नाही. मी शोधलाय.

तांबडीमाती
हो. सापडत नाही ते खरं.

म्हापशेकर
सगळे उठण्याबद्दल बोलतायत, मी मधल्या दिवसाबद्दल बोलतो. पवित्र शनिवार, गुड फ्रायडे आणि ईस्टरच्या मधला.

लहानपणी मी मातराका वाजवायचो. गुरुवारच्या मिसेत (प्रार्थनाविधीत) ग्लोरियाचं स्तोत्र झालं की इगर्जेच्या, म्हणजे चर्चच्या, घांटी बंद, त्या थेट शनिवारी रात्री वाजणार. मध्ये फक्त मातराका, लाकडी फळी आणि तिला लोखंडी कड्या, हलवली की कोरडं खडखड खडखड. त्याला नाद नाही, घुमत नाही, वाजतं आणि तिथेच संपतं. शुक्रवारी ती वाजवत आम्ही पोरं पुढे आणि मागे माणसं गप्प. मग शनिवार. दिवसभर मीस नाही, वेदीवरचं कापड काढलेलं, पवित्र पेटीचं दार उघडं आणि आत काही नाही. आई घरात हळू बोलायची. मला वाटायचं आज देव खरंच घरी नाही.

पत्नी गेल्यावर मला कळलं की आपण बहुतेक आयुष्य शनिवारात काढतो. शुक्रवार होऊन गेलेला असतो, रविवार ऐकून माहीत असतो, पण अजून उजाडलेला नसतो. शिष्यांना तर रविवार येणार हे धड समजलंही नव्हतं, ते दारं लावून बसले. बायबलने त्या दिवसाबद्दल जवळजवळ काहीच लिहिलेलं नाही आणि मला तो कोराच आवडतो, त्यात माझी जागा आहे.

मग रात्री दिवे घालवून सगळे बाहेर अंगणात, विस्तव पेटवतात, त्यावरून पास्काची (ईस्टरची) मोठी मेणवात लावतात, आणि ती एक ज्योत काळोख्या इगर्जेत नेतात. मागून हातोहात मेणबत्त्या लागत जातात. सृष्टीच्या पहिल्या दिवसापासून वाचन सुरू होतं. घांटी वाजल्या की पोरं दचकतात. मी गेली पाच वर्षं शेजाऱ्याकडून ज्योत घेताना हात थरथरतो म्हणून दोन्ही हातांनी धरतो.

सडेतोड
म्हापशेकर, मी विश्वास ठेवत नाही आणि ठेवीन असं वाटत नाही. पण शनिवारचं तुम्ही लिहिलंत ते मी काकूला फोनवर वाचून दाखवलं. ती म्हणाली परत वाच.

सोलकढी
मला मग्दालिया मरिया आवडते. रविवारी पहाटे थडग्यापाशी रडत उभी, समोर येशू आणि तिला वाटतं माळी आहे. डोळ्यांनी ओळखत नाही. तो "मरिया" म्हणतो, नुसतं नाव, आणि ती ओळखते. माझी आजी मला ज्या नावाने हाक मारायची ते नाव आता कुणीच घेत नाही. ते परत ऐकायला मिळेल अशी आशा धरावी असं ही गोष्ट वाचल्यावर वाटतं.

मांडवीकाठी
तीन दिवस मी काही लिहिलं नाही, सगळं दोन-दोनदा वाचत होते. सोलकढी, तो मला "बाय" म्हणायचा. आमच्याकडे सगळेच म्हणतात पण त्याचं बाय वेगळं होतं, शेवटी थोडं लांबवायचा, काही मागायचं असलं की.

काल फोंड्याला गेले होते, वर्षश्राद्धाचं सामान ठरवायला. आंटी पेरू घेऊन आली. भावाचा मुलगा सहा वर्षांचा आहे, तो तिच्या मांडीवर चढून बसला. मी तिला तुम्हा सगळ्यांचं थोडं थोडं सांगितलं, शनिवार, बिस्किटाचं, दोन मुलांचं. साळनदी दादा, तुमचं ऐकून तिने पदराने डोळे पुसले. भाच्याने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, तो लाजार मग थडग्यातून येऊन काय म्हणाला? आंटी म्हणाली, पुता, कांयच ना. सबंध पुस्तकात तो एक शब्दही बोलत नाही. पोराला ते पटेना. मग जेवला तरी का? तर आंटी म्हणाली जेवलो मरे, लिहिलंय तसं, पुढच्याच पानावर. घरी मेजवानी आहे, लाजार पंगतीत बसलाय, आणि मार्था वाढतेय.

मार्था वाढतेय. मला ही ओळ माहीतच नव्हती. जी बाई देवाला म्हणाली तू असतास तर, ती पुढच्या पानावर भावाच्या ताटात वाढतेय.

माझ्या प्रश्नाचं उत्तर मिळालं असं नाही म्हणणार. वास्कोचा_वारा म्हणतात तसं मला अजून म्हणता येत नाही, पण साळनदींचे तीन शब्द मी उसने घेतलेत. सोड्याचं वाक्य अजून आहे. ते काल पहिल्यांदा आईला सांगितलं, वर्षभर लपवलं होतं. ती म्हणाली मलाही त्याने तेच सांगितलं होतं, मीही झोप म्हटलं. आम्ही दोघी ओट्याजवळ बराच वेळ उभ्या होतो.

श्राद्धाच्या दिवशी आंटीला जेवायला बोलावलंय. तिने विचारलं, चालतलें मगो? आई म्हणाली तू वाढायला ये.

अबोली
मार्था वाढतेय ते कुठे आहे? मला वाचायचंय.

वास्कोचा_वारा
योहान, १२वा अध्याय, दुसरं वचन.